न झालेली घसरण कशी मोजायची?

“गोळ्या चालू करून सहा महिने झाले डॉक्टर, पण आईमध्ये काहीच फरक नाही.” अल्झायमर झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हणतात. डॉक्टरांना मात्र ते ऐकून थोडं हायसं वाटण्याची शक्यता असते. हा आजार एका जागी थांबणारा नाही, तो हळूहळू काही ना काही काढून घेत असतो. सहा महिन्यांपूर्वी आई स्वतःची साडी स्वतः नेसत होती आणि आजही नेसते आहे, तर जिच्याबद्दल तक्रार चालली आहे ती गोळी कदाचित आपलं काम नीट करते आहे.

अल्झायमरवरच्या सगळ्याच औषधांची अडचण इथे आहे. गोळी घेतली नसती तर आई आज कुठे असती, हे घरातल्या कुणालाच पाहता येत नाही. झालेली सुधारणा डोळ्यांना दिसते, न झालेली घसरण दिसत नाही. म्हणून काही घरांत “उपयोग नाही” असं ठरवून औषध परस्पर बंद होतं, तर काही घरांत स्मरणशक्ती परत आणण्याचं आश्वासन देणाऱ्या बाटल्यांची कपाटात रांग लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातल्या ७.४ टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. तेव्हा या औषधांकडून किती आणि कसली अपेक्षा ठेवायची, हे समजून घेण्याची गरज बऱ्याच घरांना आहे.

धार आणि बूच

१९७६ मध्ये एडिंबरा इथल्या पीटर डेव्हिस आणि ए. जे. एफ. मॅलोनी या संशोधकांनी अल्झायमरने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बनवणारं विकर त्या मेंदूंमध्ये फार कमी झालेलं होतं. अ‍ॅसिटिलकोलीन एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेतं. लक्ष लागणं, नवी गोष्ट मनात ठसणं या कामांत त्याचा मोठा वाटा असतो. निरोप पोचला की कोलीनएस्टरेज नावाचं दुसरं विकर त्याला तत्काळ मोडून टाकतं.

मग विचार असा झाला की हे रसायन जास्त बनवता येत नसेल, तर निदान मोडू तरी देऊ नये. टाकीत येणारी पाण्याची धार बारीक झाली की आपण तळाचं बूच घट्ट बसवतो, तसंच हे. आहे ते पाणी जास्त वेळ पुरतं. पण धारच आटत चालली असेल, तर बूच कितीही घट्ट असलं तरी टाकी कधीतरी रिकामी होणार. अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशीच मरत असतात आणि त्या का मरतात या कारणाला ही औषधं हात लावत नाहीत. ती सुरुवातीला लागू का पडतात आणि काही वर्षांनी त्यांचा जोर का ओसरतो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

कोलीनएस्टरेजला रोखणारा पदार्थ माणसाला मात्र त्याच्याही शंभर वर्षं आधीपासून माहीत होता, आणि तो होता विष म्हणून. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात चोरी किंवा चेटूक केल्याचा आरोप असलेल्या माणसाला एका वेलीच्या बियांचा अर्क पाजत. ओकून वाचला तर तो निर्दोष, मेला तर गुन्हेगार. १८५५ मध्ये एडिंबऱ्यातलेच प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी ही बी स्वतः थोडीशी खाऊन पाहिली आणि जिवावरचं दुखणं ओढवून घेतलं. १८६४ मध्ये तिच्यातलं विष वेगळं काढण्यात यश आलं. त्याचं नाव फायसोस्टिग्मीन. अमेरिकेतले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी १९३५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्टा वाइनस्टॉक यांनी याच रेणूच्या धर्तीवर जास्त सौम्य आणि जास्त काळ टिकणारा रेणू घडवला. आज रिव्हास्टिग्मीन या नावाने औषधाच्या दुकानात मिळणारी कॅप्सूल आणि त्वचेवर लावायची पट्टी त्यातूनच आली.

अमेरिकेत परवानगी मिळालेलं पहिलं औषध मात्र टॅक्रीन. साल १९९३. ते दिवसातून चार वेळा घ्यावं लागे आणि घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडत. अशा औषधाचा निभाव फार दिवस लागणार नव्हता. जपानमध्ये एइसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो १९८० च्या दशकात याच वाटेवर काम करत होते. त्यांच्या आईलाच स्मृतिभ्रंश झाला होता आणि ती मुलाला ओळखेनाशी झाली होती. टॅक्रीनच्या रेणूत फेरफार करण्याचे त्यांचे प्रयत्न फसले. धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी, रक्तवाहिन्यांच्या कठीणपणावर उपाय म्हणून बनवलेल्या एका संयुगात. त्यावर शेकडो फेरफार करून डोनेपेझिल तयार झालं. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याचा अंश शरीरात इतका रेंगाळतो की दिवसातून एकच गोळी पुरते. आज अल्झायमरच्या चिठ्ठीवर बहुधा पहिलं नाव हेच असतं.

तिसरं औषध गॅलँटामीन. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते हिमपुष्पाच्या जातीच्या झाडांपासून काढलं आणि पूर्व युरोपात पोलिओनंतरच्या दुबळेपणावर ते वापरलं जाई. अल्झायमरसाठी अमेरिकेने त्याला २००१ मध्ये मान्यता दिली. चौथ्या औषधाची, मेमँटीनची, जातकुळी वेगळी. हा रेणू मुळात मधुमेहासाठी बनवला गेला आणि त्या कामी नापास झाला. तो ग्लुटामेट या दुसऱ्याच संदेशवाहकाच्या अतिरेकी माऱ्यापासून पेशींना आडोसा देतो. मध्यम आणि तीव्र टप्प्यावर तो दिला जातो, पुष्कळदा डोनेपेझिलच्या जोडीने.

फायदा नेमका किती?

न झालेली घसरण मोजायची तर एकट्या रुग्णाकडे पाहून भागत नाही. शेकडो रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. मग दोन्ही गटांची घसरण ताडून पाहायची. डोनेपेझिलच्या अशा चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१८ मध्ये एकत्र आढावा घेतला. आकलनशक्तीच्या ७० गुणांच्या परीक्षेत सहा महिन्यांनंतर औषध घेणारे सरासरी २.६७ गुणांनी बरे होते. डॉक्टर नेहमी वापरतात त्या ३० गुणांच्या छोट्या चाचणीत हा फरक एका गुणाच्या आसपास भरला.

म्हणजे फायदा खरा आहे, आणि तो लहान आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी डोक्यात ठेवता आली तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. सरासरीच्या पोटात काही रुग्ण असे असतात ज्यांना स्पष्ट फायदा होतो आणि काही असे ज्यांना जवळपास काहीच होत नाही. कोण कुठल्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही, औषध देऊनच पाहावं लागतं.

औषध थांबवल्यावर काय होतं, हे पाहिलं की तो अदृश्य फायदा जरा उजेडात येतो. ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र अल्झायमरच्या, आधीपासून डोनेपेझिल घेणाऱ्या २९५ रुग्णांवर अशी चाचणी झाली. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींचं बंद केलं. २०१२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा वर्षभराअंती औषध चालू असलेले रुग्ण त्याच ३० गुणांच्या चाचणीत सरासरी १.९ गुणांनी पुढे होते. शिवाय औषध बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवावं लागण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. “फरक नाही” म्हणून गोळी स्वतःच बंद करण्याआधी हे लक्षात घ्यावं.

चिठ्ठीतली आतली भांडणं

अ‍ॅसिटिलकोलीन फक्त मेंदूत नसतं. जठर, आतडी, हृदय, मूत्राशय, श्वासनलिका, सगळीकडे त्याचा कारभार आहे. ते वाढवलं की या सगळ्या अवयवांना खबर लागते. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं, वजन घटणं हे त्रास त्यामुळेच होतात. डोनेपेझिलची सुरुवात ५ मिलिग्रॅमने करून चार ते सहा आठवड्यांनी १० वर नेतात, ते शरीराला सवय व्हावी म्हणून. रात्री भलती स्वप्नं पडून झोपमोड होत असेल, तर डॉक्टर गोळीची वेळ सकाळची करतात. रिव्हास्टिग्मीनची पट्टी पोटाला त्यामानाने कमी त्रास देते. मात्र नवी लावताना जुनी काढायचीच, हा नियम विसरला तर औषधाचा धोकादायक डोस शरीरात जातो. पाठीवरची जुनी पट्टी शर्टाखाली तशीच राहून जाणं काही अवघड नसतं.

सगळ्यांत जपायचं ते नाडीला. ही औषधं हृदयाचे ठोके मंद करू शकतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. रुग्णाला अचानक चक्कर आली, तो पडला, तर “वय झालं” म्हणून सोडून न देता डॉक्टरांना कळवायचं आणि ईसीजी काढायचा. दमा, जठरातला व्रण, ठरलेली शस्त्रक्रिया यांची माहितीही आधीच द्यायची, कारण भूल देताना वापरल्या जाणाऱ्या काही औषधांशी या गोळ्यांचा संबंध येतो.

आणखी एक गोष्ट घरोघरी घडते आणि क्वचितच कुणाच्या लक्षात येते. एकीकडे अ‍ॅसिटिलकोलीन वाढवणारी गोळी चालू असते, आणि त्याच डब्यात अ‍ॅसिटिलकोलीनलाच अडवणारी दुसरी गोळी पडलेली असते. वारंवार लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिन, झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी चाललेलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, हातांच्या कंपावरचं ट्रायहेक्सिफेनिडिल ही सगळी त्या दुसऱ्या पंगतीतली. डोनेपेझिल चालू झाल्यावर काहींना लघवी आवरत नाही, तो औषधाचाच परिणाम असू शकतो. पण तो नवा आजार समजून लघवी रोखणारी गोळी लिहिली जाते आणि मग दोन्ही गोळ्या रुग्णाच्या शरीरात एकमेकींशी भांडत बसतात. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या नोंदींच्या अभ्यासात हा प्रकार २००५ मध्येच दिसून आला होता.

तेव्हा दर भेटीत फक्त अल्झायमरची चिठ्ठी दाखवून उपयोग नाही. हृदयाच्या, मूत्रविकाराच्या, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली आणि दुकानातून परस्पर आणलेली अशी सगळी औषधं एका पिशवीत घालून समोर ठेवावीत. कित्येकदा एखादी गोळी कमी केल्यानेच रुग्ण जास्त हुशार वाटू लागतो. त्याच भेटीत ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणं, डोक्याला मार लागून साकळलेलं रक्त या गोष्टींचीही शहानिशा व्हायला हवी. यातल्या काहींवर पूर्ण इलाज होऊ शकतो, आणि “साठी बुद्धी नाठी” म्हणून त्या दुर्लक्षित राहतात.

आजाराच्या मुळावर घाव?

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, गॅलँटामीन आणि मेमँटीन ही चारही औषधं लक्षणांवरची आहेत. मुळावर घाव घालण्याची धडपड अमायलॉइड या प्रथिनाभोवती झाली. अल्झायमरमध्ये पेशींच्या अवतीभवती त्याचे साके जमतात. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी ते प्रथिन ओळखलं आणि १९९२ मध्ये जॉन हार्डी व जेराल्ड हिगिन्स यांनी असं मांडलं की आजाराची सगळी साखळी याच साठ्यापासून सुरू होते. साठा काढला की आजार थांबेल, या आशेवर पुढची पंचवीस-तीस वर्षं अब्जावधी डॉलर खर्च झाले. लस झाली, ती मेंदूला सूज आल्यामुळे २००२ मध्ये थांबवावी लागली. बापिन्युझुमॅब, सोलानेझुमॅब ही प्रतिपिंडं एकामागून एक अपयशी ठरली. सेमागासेस्टॅट या गोळीने तर रुग्णांची स्थिती बिघडली.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅड्युकॅनुमॅबला मान्यता दिली तेव्हा त्यांच्याच सल्लागार समितीचा कौल विरुद्ध होता. औषधाने मेंदूतला अमायलॉइड कमी होत होता, पण रुग्णाला फायदा होतो का, याबाबत दोन मोठ्या चाचण्यांची उत्तरं जुळत नव्हती. समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले. सुरुवातीची किंमत होती वर्षाला ५६,००० डॉलर. २०२४ मध्ये कंपनीने ते औषध सोडून दिलं. स्कॅनमधला डाग पुसला जाणं आणि माणूस सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा धडा मात्र त्यातून पक्का मिळाला.

त्यानंतरच्या लेकॅनेमॅबचा पुरावा जास्त भक्कम आहे. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत, १८ महिन्यांनंतर, १८ गुणांच्या मापावर औषध घेणारे १.२१ गुणांनी घसरले आणि न घेणारे १.६६ गुणांनी. बातम्यांत आलेला “२७ टक्के” हा आकडा यातूनच निघतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले तर लक्षात येतं की घसरण दोन्ही गटांत झाली, फरक ०.४५ गुणांचा. हे औषध अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच द्यायचं असतं, तेही मेंदूत अमायलॉइड असल्याचं तपासणीने सिद्ध झाल्यावर. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून सलाइनसारखं द्यायचं, मधूनमधून एमआरआय काढायचे. कारण चाचणीत १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. बहुतेकांना तिची जाणीवही झाली नाही, पण काहींच्या बाबतीत ती किंवा मेंदूतला रक्तस्राव गंभीर ठरू शकतो. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना धोका अधिक. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं डोनानेमॅब महिन्यातून एकदा दिलं जातं आणि साठा पुरेसा कमी झाला की थांबवता येतं, पण सुजेचं प्रमाण त्यात जास्त, चाचणीत सुमारे २४ टक्के.

अमेरिकेत लेकॅनेमॅबची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठरली. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन निर्णय आले. औषध नियामकाने लेकॅनेमॅबला परवानगी दिली, आणि सरकारी आरोग्यसेवेसाठी खर्च-फायदा तोलणाऱ्या नाइस या संस्थेने मसुद्यात म्हटलं की इतक्या लहान फायद्यासाठी इतका खर्च परवडणारा नाही. एकाच औषधाबद्दलची ही दोन उत्तरं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. पहिलं उत्तर “काम करतं का” या प्रश्नाचं आहे, दुसरं “किती करतं आणि कशाच्या बदल्यात” या प्रश्नाचं.

टॉनिक आणि शांत करणाऱ्या गोळ्या

हे दोन्ही प्रश्न “मेंदूच्या टॉनिक”लाही विचारायला हवेत. गिंको झाडाच्या अर्काची अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. पिरासिटॅम आणि सिटिकोलीन आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर सर्रास दिसतात, पण अल्झायमरमध्ये त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा नाही. ब्राह्मी आणि हळद यांच्याबद्दलही मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार नाही. यांच्या बाटलीवर सुधारणेचं वचन असतं, आणि खऱ्या औषधाच्या तुलनेत त्यांचं तेच आकर्षण आहे.

दुसरा मोह शांत करणाऱ्या गोळ्यांचा. रुग्ण संशय घेतो, रात्री घराबाहेर पडू पाहतो, अंगावर धावून येतो, तेव्हा घर हवालदिल होतं. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांची गरज कधी कधी खरोखरच पडते. पण २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १७ चाचण्या तपासून इशारा दिला की स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत या गटाच्या औषधांनी मृत्यूचं प्रमाण १.६ ते १.७ पट होतं. म्हणून आधी कारण शोधायचं. बद्धकोष्ठ, लघवीतला संसर्ग, दुखणारा दात, बदललेली खोली यांपैकी एखादी गोष्ट चिडण्यामागे असू शकते. औषध द्यावंच लागलं तर कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी, आणि बंद कधी करायचं हे आधीच ठरवून.

वहीतली पहिली नोंद

चाचण्यांमध्ये न झालेली घसरण मोजायला दुसरा गट असतो, घरात तो नसतो. घराला त्यातल्या त्यात एकच साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे औषध सुरू होण्याच्या दिवशी केलेली नोंद. परीक्षेतले गुण डॉक्टर लिहितातच. घरच्यांनी रोजची कामं लिहावीत. आंघोळ आपण होऊन करते का, चहा करताना गॅस बंद करायची आठवण राहते का, फोनवर आवाज ओळखते का, पैसे मोजता येतात का, नातवंडांची नावं कितपत आठवतात, वजन किती, नाडी किती. तीन आणि सहा महिन्यांनी तीच यादी पुन्हा भरायची. स्मरणावर विसंबून केलेली तुलना फसवी असते, कारण सांभाळणारा माणूसही रोजच्या दमणुकीत मागची स्थिती विसरतो.

पानं शेजारी ठेवून पाहिल्यावर यादी बरीचशी तशीच दिसली, तर औषध चालू ठेवण्याला आधार आहे. वेगाने खाली गेली असेल किंवा त्रास फायद्यापेक्षा जास्त होत असेल, तर मात्रा बदलणं, दुसरं औषध पाहणं किंवा हळूहळू कमी करत थांबवणं यावर डॉक्टरांशी बोलता येतं. रुग्ण अंथरुणाला खिळून, बोलणं आणि ओळख दोन्ही संपून गेल्यावर औषध थांबवणं हाही योग्य निर्णय असू शकतो. त्याबद्दल कुणी स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. त्या टप्प्यावर पैसा आणि शक्ती चांगली मदतनीस बाई मिळवण्यात, मऊ अन्न नीट भरवण्यात, पाठीला जखमा होऊ न देण्यात आणि सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्यात जास्त कारणी लागते.